किल्ली कोणी दिली?

इशाची नमाज आटोपते. लोक मशिदीबाहेर येऊन चपला शोधत असतात, कोणी कोणाच्या आजारी वालिदांची विचारपूस करत असतो, आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी धाडधाड असे दोन बार होतात. म्हातारी माणसे दचकतात, कडेवरचे मूल रडू लागते. बुलेट तोवर पुढच्या चौकात पोहोचलेली असते. अमळनेरच्या कोणत्याही मोहल्ल्यात, आणि मोहल्ल्यातच कशाला, कोणत्याही पेठेत वा कॉलनीत राहणाऱ्याला हा आवाज ओळखीचा आहे.

उन्हाळ्यात याला आणखी एक जोड मिळते. बोरी नदीचे पात्र कोरडे पडले की संध्याकाळी पोरे तेथे गाड्या उतरवतात. पुढचे चाक हवेत उचलायचे, वाळूत गोल गोल फिरवून धूळ उडवायची, आणि मित्राने मोबाइलवर त्याचे चित्रण करायचे. गाडी अब्बांची असते. पेट्रोल अम्मीकडून वह्यांसाठी घेतलेल्या पैशांचे असते. कोणी हटकले तर ठरलेले उत्तर तयार असते, "चाचा, हा काय रोड आहे का? इथे कोण पोलीस येतो?"

हे उत्तर चुकीचे आहे. पण ते पोरांनाच नव्हे, त्यांच्या वडिलांनाही खरे वाटते, म्हणून हा लेख.

आमच्या परिचयातील एक गृहस्थ कपड्यांची फेरी करतात. मोटारसायकलच्या मागे गाठोडे बांधायचे आणि पारोळा, धरणगाव, चोपडा या बाजूच्या आठवडे बाजारांत जाऊन बसायचे, असा त्यांचा पंचवीस वर्षांचा शिरस्ता. एका शुक्रवारी ते दुपारी घरी झोपले असताना त्यांचा अकरावीतला मुलगा गाडी घेऊन गेला. मागे दोन मित्र. परवाना नाही, हेल्मेट नाही, आणि मूळ सायलेन्सरच्या जागी मुलाने महिन्यापूर्वी बसवून घेतलेली पोकळ नळी. नाकाबंदीत गाडी अडवली गेली आणि जप्त झाली. संध्याकाळी वडील गेले तेव्हा गाडी आवारात दोरीने बांधलेल्या इतर गाड्यांच्या रांगेत उभी होती. त्यांना वाटले, पाचशे-हजार भरू आणि घेऊन येऊ. तिथे त्यांना कळले की गाडीचा विमा चार महिन्यांपूर्वीच संपलेला आहे, आणि मुलाचे वय सतरा असल्यामुळे प्रकरण पावती फाडून मिटणारे नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर एक 'ओळखीचा' भेटला. त्याने दोन हजार घेतले आणि उद्या गाडी सोडवून देतो म्हणाला. तो उद्या काही उगवला नाही. अठरा दिवस गाडी उभी राहिली आणि अठरा दिवस फेरी बंद. या काळात त्यांच्या पत्नीने कानातले गहाण ठेवले, हे आम्हाला नंतर समजले.

आम्ही त्यांना विचारले, कायदा काय आहे हे कोणी सांगितले नाही का? ते म्हणाले, "सांगितले ना. एक म्हणे गाडी आता कधीच मिळणार नाही, दुसरा म्हणे रोडरोलर फिरवतात." दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. पण त्या त्यांना खऱ्या का वाटल्या, हे समजण्यासारखे आहे.

आपण सगळ्यांनी ती दृश्ये पाहिली आहेत. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत वाहतूक पोलीस फटाका सायलेन्सर काढून घेतात, रस्त्यावर एका ओळीत मांडतात आणि त्यांवर रोडरोलर चालवतात. वर्तमानपत्रात फोटो येतो, लोक टाळ्या वाजवतात. त्या ओळीत चिरडला जातो तो सायलेन्सर, गाडी नव्हे. हा फरक फोटोत दिसत नाही. कायद्यात मात्र तो फार मोठा आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम २०७ ने पोलिसांना गाडी अडवून ताब्यात घेण्याचा अधिकार दिला आहे. कधी? चालवणाऱ्याकडे परवाना नसेल, तो वयात बसत नसेल, गाडीची नोंदणी नसेल, किंवा परमिट लागणारी गाडी परमिटशिवाय चालत असेल तेव्हा. ताब्यात घेतलेली गाडी सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था करणे हेही त्याच कलमात पोलिसांवर सोपवलेले आहे. परवान्याचा, वयाचा किंवा परमिटचा प्रश्न असेल तर गाडीऐवजी तिचे नोंदणीपत्र ठेवून घेऊन पोच देण्याची मुभाही अधिकाऱ्याला आहे. ती वापरायची की नाही हे तो ठरवतो. आणि याच कलमाच्या दुसऱ्या भागात मालकासाठी वाट ठेवली आहे. कागदपत्रे घेऊन परिवहन खात्याच्या किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, तो कागद तपासून, हव्या त्या अटी घालून गाडी सोडू शकतो. त्या चहाच्या टपरीवरच्या माणसाची या कलमात कुठेही जागा नाही.

नदीच्या पात्राचे काय? कायद्याने 'सार्वजनिक ठिकाण' या शब्दाची व्याख्या करून ठेवली आहे. रस्ता, गल्ली, वाट, किंवा जिथे जाण्याचा लोकांना हक्क आहे अशी कोणतीही जागा. तेथून रहदारी होत असो वा नसो. कोरडे पात्र, शाळेमागचे मैदान, बाजार उठल्यावरचे मोकळे पटांगण, ईदगाहकडे जाणारी कच्ची वाट, या सगळ्या ठिकाणी लोक येतात-जातात. परवाना नसलेल्याने सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवायची नाही, असे कायदा म्हणतो. डांबर आहे की वाळू, हे तो विचारत नाही. स्वतःच्या कुंपणबंद शेतात ट्रॅक्टर फिरवणे वेगळे. बोरीचे पात्र कोणाच्या वालिदांचे शेत नाही.

वयाबद्दलही आपल्याकडे एक समजूत पक्की आहे की सोळा पूर्ण झाले की बिनगिअरची गाडी चालते. कायद्यातली ती सवलत ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची आहे. आज आपल्या घरासमोर उभी असलेली स्कूटी १०० सीसीच्या पुढची असते, तिला अठराच लागतात. बॅटरीच्या गाडीला परवाना लागत नाही असे दुकानदार सांगतात, तेही अर्धेच खरे. मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तरच ती सवलत. दुकानातून मंद गाडी घेतली आणि नंतर कोणाकडून तिचा वेग वाढवून घेतला, की ती इतर मोटारसायकलींसारखीच मोटार वाहन झाली. मग परवाना, नोंदणी, विमा सगळे आले. चौदा वर्षांच्या मुलाला शिकवणीला जायला अशी गाडी घेऊन देणाऱ्या पालकांनी पावतीवरचे आकडे एकदा वाचावेत.

आता मुख्य गोष्टीकडे. २०१९ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १९९-अ नव्याने आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जाईल, असे ते सांगते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. आणि न्यायालय असे गृहीत धरते की गाडी पालकाच्या संमतीनेच बाहेर गेली. "मला माहीत नव्हते, मी पुरेपूर काळजी घेतली होती," हे वडिलांनी स्वतः सिद्ध करायचे. जागेवर दंड भरून ज्या गुन्ह्यांत तडजोड होते त्यांच्या यादीत हे कलम नाही. म्हणून आमच्या फेरीवाल्या मित्राची पावती फाटली नाही, खटला झाला.

येथे एक बारकावा स्त्रियांसाठी लिहून ठेवतो. आपल्या घरांत अनेक स्कूटी अम्मीच्या नावावर असतात. कर्ज सोपे मिळते म्हणा, किंवा प्रेमाने म्हणा. 'मालक' या शब्दात त्या येतात. ज्या बाईने आयुष्यात कधी ब्रेक दाबला नाही, तिच्या नावाने समन्स येऊ शकते. तसेच जुनी गाडी विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून द्यायच्या, पण नाव बदलले की नाही ते पाहायचेच नाही, ही खान्देशात घरोघरची सवय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका खटल्यात स्पष्ट केले की नुकसानभरपाईच्या बाबतीत नोंदणीपत्रावर ज्याचे नाव, तोच मालक. मधल्या काळात गाडी किती हातांतून गेली याला महत्त्व नाही. तीन वर्षांपूर्वी विकलेल्या मोटारसायकलने आज कोणाला धडक दिली आणि नोंदणी अजून तुमच्या नावावर असेल, तर नोटीस तुमच्या दाराशी येईल.

विम्याची गोष्ट याहून गंभीर आहे. परवाना नसलेल्या मुलाच्या हातून कोणी दगावले, तर विमा कंपनी आधी मृताच्या वारसांना भरपाई देते आणि नंतर ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते, असा रस्ता सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्णसिंग निकालाने घालून दिला आहे. आणि विमाच संपलेला असेल तर सगळी रक्कम थेट मालकावर. मृत्यूच्या प्रकरणातली भरपाई लाखांत जाते. फेरीवाल्याचे घर, त्याच्या भावाच्या नावावरचा अर्धा प्लॉट, मुलीच्या लग्नासाठी जमवलेले, सगळे तिथे जाते. आमच्या मित्राची गाडी नाकाबंदीत अडली म्हणून ते रडत होते. आम्ही त्यांना म्हणालो, अडली हे बरे झाले.

हे बोलणे त्यांना तेव्हा आवडले नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाने महागड्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांना उडवले. दोघेही गेले. मुलाला आधी जामिनाच्या अटीत निबंध लिहायला सांगितल्यामुळे देशभर संताप झाला आणि पुढे वडिलांना अटक झाली, हे वाचकांना आठवत असेल. त्या घराकडे पैसा होता, वकील होते. आपल्या मोहल्ल्यातल्या घराकडे यातले काय आहे?

सायलेन्सरचा कायदा त्या मानाने सोपा आहे. कंपनीने दिलेल्या गाडीत मालकाने परस्पर बदल करायचा नाही, असे कलम ५२ म्हणते. केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड. आवाजाची आणि धुराची मर्यादा मोडल्यास कलम १९०(२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र. २००० सालच्या ध्वनी नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती साध्या बोलण्याच्याही खाली येते. पोकळ नळीचा बार तिच्या किती पट वर जातो हे मोजायला यंत्राची गरज नाही, पाळण्यातल्या मुलाला विचारा.

सूरह लुकमानमध्ये एका बापाने मुलाला केलेला उपदेश आहे. नमाज, सब्र, लोकांशी नम्रता अशा मोठ्या गोष्टी सांगून झाल्यावर तो बाप शेवटी चालण्यावर आणि आवाजावर येतो. चाल मध्यम ठेव, आवाज खाली ठेव, आणि सर्वांत नकोसा आवाज गाढवाचा असतो, अशा आशयाची ती समज आहे. तफसीर लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अर्थातच माणसाचा आवाज होता. पण गल्लीतून जाणाऱ्या त्या नळीचा आवाज ऐकताना आम्हाला प्रत्येक वेळी हीच आयत आठवते, आणि खरे सांगायचे तर गाढवाबद्दल थोडे वाईटही वाटते.

हदीसमध्ये रस्त्याच्या हक्काची गोष्ट आली आहे. सहाबांना रस्त्यावर बसण्याशिवाय पर्याय नव्हता, तेव्हा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्यांना सांगितले की मग रस्त्याचा हक्क अदा करा. नजर खाली ठेवणे, कोणाला त्रास न देणे, सलामचे उत्तर देणे, भल्याचा आग्रह आणि वाईटाला मनाई. वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणे ही ईमानची एक शाखा सांगितली गेली. जुम्म्याच्या खुतब्यात हे अनेकदा ऐकलेले असते. खुतबा संपल्यावर बाहेर येऊन आपणच मशिदीच्या दारासमोर तीन गाड्या आडव्या लावतो, हे वेगळे.

सणांच्या दिवशी हे जास्त उघडे पडते. ईद-ए-मिलादच्या जुलूसमध्ये, चाँदरातीला बाजारात, तीन तीन पोरे बसलेली गाडी फटाके काढत जाते. दुसऱ्या समाजांच्या मिरवणुकांतही हेच चालते, हे खरे. पण त्यांचे घर त्यांनी पाहावे. जुलूस कमिट्या आणि उलेमा अशा गाड्यांना येऊ नका म्हणून आवाहन करतात, ते पुरेसे ठरत नाही, कारण आवाहन मुलांना केले जाते. किल्ली ज्याच्या खुंटीला असते त्याला कोणी काही म्हणत नाही.

एक अडचणीचा विषय आहे तोही टाळत नाही. या नळ्या बसवतो कोण? गॅरेजच्या धंद्यात आपल्या समाजाची मुले मोठ्या संख्येने आहेत. कष्टाचा, हुनराचा, इज्जतीचा धंदा आहे. कित्येक घरे त्यावर उभी आहेत. मिस्त्रीला विचारले तर तो म्हणतो, मी नाही बसवली तर शेजारचा बसवेल. मूळ सायलेन्सर काढून ठेवायचा, नळी बसवायची, त्याचे काहीशे रुपये. मुलगा सतरा वर्षांचा आहे हे मिस्त्रीला दिसत असते, कारण त्याच मोहल्ल्यात तो मोठा झालेला असतो. ज्या कामाने शेजाऱ्याची झोप जाते आणि मुलाच्या बापावर खटला येतो, त्याची मजुरी कशी आहे, हा प्रश्न आम्ही एका मिस्त्रीला विचारला. तो बराच वेळ पाना पुसत राहिला. मग म्हणाला, "भाईजान, पोराच्या बापाने येऊन सांगितले तर मी काढून देईन, फुकट." बाप आलेला नव्हता.

आता त्या रोडरोलरकडे परत येऊ, कारण त्याच्यात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. गाडीच चिरडून टाकावी, म्हणजे धाक बसेल, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. वैतागलेल्या माणसाचे हे म्हणणे समजते. परदेशांत तसे होतेही. न्यूयॉर्कच्या महापौरांनी जून २०२२ मध्ये ब्रुकलिनमध्ये जप्त केलेल्या शंभराच्या आसपास गाड्या बुलडोझरखाली घातल्या आणि तो सोहळा साऱ्या जगाने पाहिला. ब्रिटनमध्ये २००२ च्या पोलीस सुधारणा कायद्याचे कलम ५९ आहे. बेपर्वाईने किंवा परवानगीशिवाय रस्ता सोडून, बागेत, मैदानात, शेतात गाडी पळवून लोकांना त्रास दिला, तर गणवेशातला पोलीस आधी ताकीद देतो आणि पुन्हा केल्यास गाडी उचलतो. ठरावीक मुदतीत मालक आला नाही, शुल्क भरले नाही, तर गाडी विकली वा चिरडली जाते. तिथल्या सरकारने २०२५ मध्ये ही ताकीदही काढून टाकण्याचे विधेयक संसदेत आणले आणि चौदा दिवसांची मुदत ४८ तासांवर आणण्याचा प्रस्ताव मांडला. मैदानात खेळणाऱ्या मुलांना, बाबागाडी घेऊन निघालेल्या आयांना या गाड्यांचा जो उपद्रव होतो त्यातून ही घाई आलेली आहे.

आपल्याकडे पोलिसांना असा अधिकार नाही, आणि आमच्या मते नसावा. भारतात जप्त मुद्देमालाचे काय करायचे हे न्यायालय ठरवते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ प्रमाणे न्यायालयापुढे आलेल्या मालमत्तेचे चौदा दिवसांत वर्णन तयार करायचे, छायाचित्र किंवा चित्रण करायचे, आणि त्यानंतर तीस दिवसांत ती परत द्यायची, विकायची की नष्ट करायची याचा आदेश द्यायचा. त्याआधी २००२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई खटल्यात बजावले होते की गाड्या पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षे सडू देऊ नका. हमीपत्र, जामीन घेऊन मालकाला द्या, आणि कोणीच पुढे येत नसेल तर लिलाव करा. तरी कोणत्याही ठाण्याच्या आवारात गेलात तर निंबाच्या झाडाखाली गंजलेल्या मोटारसायकलींचा ढीग दिसतोच. टायर गेलेले, सीट उंदरांनी खाल्लेले. त्या चिरडल्या जात नाहीत, त्या कुजतात, आणि शेवटी जाहीर नोटीस निघून भंगाराच्या भावात जातात. आमच्याकडे गाडी नष्ट होते ती अशी.

महसूल खात्याचा हात याहून जड आहे. वाळूच्या चोरट्या वाहतुकीत पकडलेला ट्रॅक्टर किंवा डंपर महसूल संहितेच्या कलम ४८ खाली जप्त होतो आणि भारी दंड व हमीपत्राशिवाय सुटत नाही; गिरणा आणि तापीच्या काठच्या लोकांना हे सांगायला नको. उजनीच्या जलाशयात तर वाळू उपसणाऱ्या बोटी जिलेटिन लावून उडवल्या गेल्या. वाळूचोरांसाठी कोणी अश्रू ढाळणार नाही. नदी त्यांनी पोखरली आहे. पण मुद्देमाल न्यायालयासमोर न आणता जागच्या जागी संपवण्याची सवय एकदा यंत्रणेला लागली की ती बोटीवर थांबत नाही, हे आपल्या समाजाइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती गवई आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांच्या पीठाने बुलडोझर प्रकरणात निकाल दिला. केवळ आरोपी आहे म्हणून, किंवा दोषी ठरला म्हणूनही, कोणाचे घर प्रशासनाने पाडायचे नाही. शिक्षा देणे हे न्यायालयाचे काम आहे. बेकायदा बांधकाम असले तरी पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागेल. त्या दिवशी आपल्या घरांत किती समाधान झाले होते! मग शेजारच्या पोराच्या बुलेटवर रोलर फिरवा म्हणताना आपण तोच निकाल विसरतो. नोटीस, सुनावणी आणि न्यायाधीशाची सही ही घरासाठी हवी असेल तर दुचाकीसाठीही हवी. आणि सायलेन्सर? तो बेकायदा बदलाचा पुरावा आहे. काढून घ्या, पंचनामा करा, दंड करा. न्यायालयाने नष्ट करा म्हटल्यावर खुशाल रोलर फिरवा, टाळ्या वाजवायला आम्हीही येऊ.

ज्यांची गाडी अडकली आहे त्यांच्यासाठी, फेरीवाल्या मित्राचा अनुभव समोर ठेवून, थोडे सांगतो. गाडी ताब्यात घेतल्याची लेखी पोच मागा. त्यावर कलम आणि गाडीची अवस्था लिहून घ्या, शक्य असेल तर तिथेच मोबाइलवर फोटो काढा. नोंदणीपत्र, विमा, पीयूसी आणि स्वतःचे ओळखपत्र जमवा. विमा संपला असेल तर आधी तो करून घ्या, विनाविमा गाडीचा दंड पहिल्या वेळी २,००० रुपये आहे. फक्त परवान्याचा किंवा कागदांचा प्रश्न असेल तर कलम २०७(२) खाली अर्ज करायचा. मुलगा अल्पवयीन असून प्रकरण न्यायालयात गेले असेल तर दंडाधिकाऱ्यांपुढे गाडी सोडण्याचा अर्ज करावा लागतो, तेथे वकील लागेल. वकिलाची फी झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना, मुलांना आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना मोफत वकील मिळणे हा १९८७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, उपकार नव्हे. आणि टपरीवरच्या माणसाला चहा पाजा, पैसे देऊ नका.

आमच्या मित्राने शेवटी हेच केले. बंधपत्र लिहून दिले, मूळ सायलेन्सर बसवून घेतला, आणि एकोणिसाव्या दिवशी गाडी घरी आणली. साखळीला गंज चढला होता, बॅटरी उतरली होती. ढकलत आणावी लागली, मुलगा मागून ढकलत होता आणि बाप हँडल धरून पुढे. दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. पत्नीचे कानातले अजून सराफाकडे आहेत. गाडीची किल्ली आता गाठोड्याच्या गाठीत बांधलेली असते, आणि मुलगा सायकलवर कॉलेजला जातो. खटल्याची तारीख पुढच्या महिन्याची आहे. नोंदणी रद्द झाली तर वर्षभर फेरी कशावर करायची, हे त्यांनी आम्हाला विचारले. आमच्याकडे त्याचे उत्तर नव्हते.